मोजतात तो पीळ

हे गेल्यानंतर आमच्या घरातली मराठी बंद पडली. कुणी ठरवून बंद केली नाही. समोर बोलायला माणूस उरलं नाही, एवढंच झालं.

मी मूळची वर्ध्याकडची. लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा ह्यांच्या घरात सासू, सासरे, नणंद सगळे मराठीच बोलत. मराठ्यांच्या काळात कधीतरी चाकरीला इकडे आलेलं घराणं. उंबऱ्याच्या आत त्यांनी भाषा टिकवून ठेवली होती आणि बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. पुढे सासू-सासरे गेले, नणंद लग्न होऊन सिवनीला गेली, मुलगा शिकून कॅनडाला गेला. मुलाला मराठी सगळी समजते, पण बोलायला लागला की दुसऱ्या वाक्यात हिंदी शिरते आणि तिसऱ्यात इंग्रजी. मी शाळेत इतिहास शिकवत होते, तोही हिंदीतून. त्यामुळे बरीच वर्षं मराठी म्हणजे आम्ही दोघंच, संध्याकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत. आणि त्यातली निम्मी मराठी इंजिनांबद्दल असायची.

हे ट्रक बनवण्याच्या सरकारी कारखान्यात होते. तयार झालेलं इंजिन गाडीत बसवण्याआधी तपासायचं, हे त्यांचं काम. इंजिन लोखंडी चौकटीवर बांधायचं, त्याचा दांडा दुसऱ्या एका यंत्राला जोडायचा, आणि इंजिन पूर्ण जोरात चालू असताना त्या यंत्राने त्याला अडवून धरायचं. यंत्राच्या पोटात पाणी असतं. इंजिनाचा दांडा ते पाणी घुसळतो, पाणी यंत्राच्या कवचाला ओढतं, आणि कवच किती जोराने ओढलं जातंय ते काट्यावर दिसतं. हे सगळं मला लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं, कारण घरी आल्यावर ह्यांना दुसरं काही सांगायचंच नसे. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुला कंटाळा कसा येत नाही? मला खरंच येत नसे. आपल्या कामावर इतका खूष असलेला माणूस समोर बसून बोलत असेल तर ऐकायला बरं वाटतं. विषय कोणता का असेना.

एकदा जेवताना मी विचारलं, ट्रकच्या माहितीत टॉर्क आणि हॉर्सपॉवर असे दोन आकडे लिहिलेले असतात, त्यातला तुमचा काटा कोणता मोजतो?

ह्यांच्या हातातली पोळी हातातच राहिली. असा प्रश्न त्यांना घरात कुणी विचारलाच नव्हता.

"हॉर्सपॉवर कोणी मोजत नाही," ते म्हणाले. "मोजतात तो पीळ. हॉर्सपॉवर मग त्यावरून काढावी लागते."

टॉर्कला ते घरात पीळ म्हणत. पुस्तकात त्याला काय म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं. कारखान्यात सगळे टॉर्कच म्हणत. पीळ हा शब्द त्यांनी माझ्यासाठी शोधून काढला, आणि मग तोच चालू राहिला.

माझ्या माहेरी घरामागे विहीर होती. तिच्यावर लाकडाचा आडवा रूळ, रुळाला लोखंडी दांडा. दांडा हाताने फिरवला की दोर रुळावर गुंडाळला जाऊन बादली वर यायची. ह्यांनी ती विहीर लग्नात पाहिली होती. ते म्हणाले, भरलेली बादली वर ओढायला तो रूळ जेवढ्या जोराने फिरवावा लागतो, तो पीळ. दांडा लांब असला तर हाताला कमी जोर पुरतो, पण रुळाला लागणारा पीळ तेवढाच. आता तू आणि तुझी आई, दोघींनी तीच बादली काढली तर दोघींचा पीळ सारखाच. पण आई भराभर फिरवते आणि तू रमतगमत. तुझी एक बादली होते तोवर तिच्या दोन. ती हॉर्सपॉवर. पीळ गुणिले फिरण्याचा वेग.

मी विचारलं, आणि बादली अर्ध्यावर धरून नुसतीच उभी राहिले तर?

"तर पीळ पूर्ण आणि हॉर्सपॉवर शून्य." मग म्हणाले, "हात मात्र दुखून येतील."

दुसऱ्या दिवशी मी कणीक मळायला पीठ काढलं, तर हे स्वयंपाकघरात आले आणि परातीतल्या कोरड्या पिठात बोटाने दोन टेकड्या काढल्या. डाव्या हाताला इंजिन हळू फिरतंय, उजव्या हाताला भराभर, असं समजायचं. पहिली टेकडी पिळाची. ती लवकर चढते, थोडा वेळ माथ्यावर राहते आणि मग उतरायला लागते, कारण इंजिन फार वेगाने फिरलं की त्याला नीट श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. दुसरी टेकडी हॉर्सपॉवरची. पीळ उतरायला लागला तरी ही चढतच असते, कारण पीळ कमी होतो त्यापेक्षा वेग जास्त वाढत असतो. मग तीही उतरते. डिझेलच्या इंजिनात पहिली टेकडी डावीकडे, अगदी सुरुवातीलाच. पेट्रोलच्या छोट्या गाडीत बरीच उजवीकडे. म्हणून ट्रकवाला सावकाश निघतो पण डोंगर ओढतो, आणि छोटी गाडी किंचाळल्याशिवाय चढत नाही. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. पिठात बोटं घालू नको, एवढंच त्या म्हणाल्या.

निवृत्तीच्या सुमाराला ह्यांनी जंगल खात्याच्या लिलावातून एक जुनी डिझेल जीप घरी आणली. हिरवा रंग जागोजागी उडालेला, ताडपत्रीचं छप्पर, बसायला कडक. शेजारचे भैया गंमत करायचे. त्यांच्या नव्या छोट्या गाडीची हॉर्सपॉवर ह्या जीपपेक्षा जास्त होती आणि ते दर रविवारी ती सांगायचे. हे हसून मान डोलवत. जीपमधून आम्ही बरगीच्या धरणावर गेलो, डुमना रस्त्याला गेलो, एकदा मंडल्यापर्यंत गेलो. ती कधी घाई करायची नाही. मी बाजूला बसून शेंगा सोलायचे.

मार्च महिन्यात एका सकाळी पेपर वाचता वाचता ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या भैयांनीच त्यांच्या गाडीतून नेपियर टाउनच्या दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत सगळं संपलं. मुलगा आला, दिवसकार्य केलं, माझ्याजवळ बसून राहिला. जाताना म्हणाला, आई, चल माझ्याबरोबर, आणि ही जीप विकून टाक. मी दोन्हीला नाही म्हटलं. का, ते मलाही नीट सांगता आलं नाही.

मग दिवस तसेच जायला लागले. सकाळी कामाला येणारी बाई हिंदीत बोलायची, भाजीवाला हिंदीत, शेजारी आंटीजी म्हणून हाक मारायचे. सगळे प्रेमाने वागायचे. तक्रार करावी असं काही नव्हतं. मुलाचा रविवारी फोन यायचा. जीप घ्यायला दोघे-तिघे येऊन गेले, मी परत पाठवले.

हिवाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी मी दूध कोमट करून दही लावत होते. चमच्यात कालचं दही घेतलं आणि ह्याला आपण काय म्हणतो ते आठवेना. हिंदीतलं जामन आठवलं. जामनच्या आधीचा माझ्या आईचा शब्द आठवेना. मी चमचा हातात धरून ओट्याजवळ उभी राहिले. दूध गार व्हायला लागलं. किती दिवसांत मी मराठीचा एक शब्द तोंडाने उच्चारला नाही, ह्याचा विचार केला तर उत्तर येईना. बऱ्याच वेळाने विरजण हा शब्द आला. मी तो मोठ्याने म्हटला, रिकाम्या स्वयंपाकघरात. आणि मग मला रडू आलं. हे गेले तेव्हाही असं आलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी ठरवलं की सिवनीला नणंदेकडे जायचं. मला तिच्याशी पोटभर मराठी बोलायचं होतं. बस होती, पण अंगणात जीपही उभी होती. मला चालवता येत नव्हती. मग मी शिकायचं ठरवलं.

नेपियर टाउनमध्ये गाडी शिकवणाऱ्या एक दीदी होत्या, तिशी-पस्तिशीच्या. माझं वय ऐकून त्यांनी भुवई उचलली नाही, म्हणून त्या मला आवडल्या. त्यांची गाडी पेट्रोलची, छोटी. क्लच सोडायचा आणि त्याच वेळी उजव्या पायाने दाबायचं, नाहीतर इंजिन धक्का देऊन बंद. "मैडम, रेस दीजिए, रेस," असं त्या सारखं म्हणत. मी रेस द्यायला शिकले. पूल चढताना गाडी ओरडायची आणि त्या ओरडण्याशिवाय ती पुढे जायचीच नाही. ह्यांची उजवीकडची टेकडी मला पायाच्या तळव्यात कळली.

परवाना हातात आल्यावर घमापूरच्या एका मिस्त्रीला बोलावून मी जीप दुरुस्त करून घेतली. नवी बॅटरी, नवे टायर, तेल बदललं. दीदींना विनंती केली की पहिल्या दिवशी बाजूला बसा. त्यांनी अशी जुनी जीप कधी चालवली नव्हती, पण आल्या. किल्ली अर्धी फिरवून इंजिन आतून तापेपर्यंत थांबायचं असतं, तेवढं मला माहीत होतं. मग जीप सुरू झाली आणि अंगणातली सगळी कबुतरं उडाली.

दीदी सवयीने म्हणाल्या, रेस दीजिए. मी दाबलं. जीपने असा झटका घेतला की दोघींचं डोकं पुढे गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग मी दोन्ही हात मांडीवर ठेवून जरा बसले. ह्या इंजिनाची टेकडी डावीकडे आहे, सुरुवातीलाच. त्याला ओरडायला लावायची गरज नाही. मी उजवा पाय उचलून बाजूला घेतला आणि फक्त क्लच सावकाश सोडत गेले. जीप थरथरली, जरा खाली बसल्यासारखी झाली, आणि चालायला लागली. फाटकाबाहेरचा छोटा चढ ती माणसाच्या चालीने चढून गेली.

दीदी म्हणाल्या, ही तर आपोआप चालते आहे. मी त्यांना हिंदीतून समजवायला गेले. विहीर सांगितली, बादली सांगितली, पण पिळाला हिंदीत काय म्हणावं? मी म्हटलं, मरोड. त्या हसायलाच लागल्या. हिंदीत मरोड पोटात येते. मीही हसले. बाजूच्या सीटवर हसणारं माणूस होतं, तेवढा वेळ बरं वाटलं.

डिसेंबरात एका सकाळी मी एकटी निघाले. तिलवाऱ्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडली. पाण्यावर धुकं होतं. नागपूरचा रस्ता आता रुंद झालाय, गाड्या सुसाट जातात. मी डाव्या कडेने जात राहिले आणि सगळं जग मला ओलांडून गेलं. लखनादौनला चहा घेतला. पुढे घाट सुरू झाला, आणि अर्ध्या चढावर रांग थांबली. वर कुठेतरी ट्रक बंद पडला होता. एकच बाजू चालू होती, तिच्यावरून वरखाली दोन्हीकडच्या गाड्या आळीपाळीने सोडत होते.

माझ्यामागे एक भरलेला ट्रक येऊन थांबला, इतका जवळ की आरशात फक्त त्याचं नाक दिसत होतं. पुढची गाडी हलली की मला ह्या चढावर थांबलेली जीप पुढे काढायची होती. हातब्रेक ओढलेला होता, तरी माझा उजवा पाय ब्रेकवरून उठेना. मला वाटलं, पाय उचलला की मी मागे जाणार. बाजूला कुणी नव्हतं. तू हे काहून करून राहिली, असं ह्यांच्या आवाजात मीच मला विचारलं.

ह्या जीपला मुख्य गिअरशेजारी एक छोटी दांडी आहे. ती मागे ओढली की चाकं फार हळू पण फार ताकदीने फिरतात. हे म्हणायचे, गिअर पीळ वाढवून देतो आणि तेवढाच वेग कापून घेतो. त्यात हॉर्सपॉवरची वाढ कधीच होत नाही. ती इंजिनाची असेल तेवढीच. मी दांडी ओढली, पहिला गिअर टाकला. पुढची गाडी हलली. मागचा ट्रक भोंगा वाजवायला लागला. मी उजवा पाय ब्रेकवरून काढून घेतला आणि क्लच हळूहळू वर येऊ दिला. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं गेलं, तसा मी हातब्रेक सोडला. मागे एक बोटभरही गेले नाही. मग जीप चढायला लागली, मुंगीच्या वेगाने. भोंगे वाजतच राहिले, पण मला आता त्यांचं काही वाटेना. बंद पडलेल्या ट्रकजवळून जाताना त्याचा ड्रायव्हर दगडावर बसून बिडी ओढत होता. त्याने जीपकडे पाहून हात वर केला. मीही केला.

माथ्यावर पोचून मी कडेला थांबले. खाली सागाचं जंगल होतं. हे कुणालातरी सांगावंसं वाटलं, म्हणजे ह्यांनाच. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते शाब्बास म्हणाले असते. ह्यांनी विचारलं असतं, मिनिटाला किती फेऱ्यांवर होतं इंजिन? आवाज कसा होता?

सिवनीला पोचले तेव्हा नणंद फाटकात उभी होती. "आ गईं भाभी," असं म्हणून तिने मला जवळ घेतलं. मी म्हटलं, किती दिवसांनी पाहून राहिले तुला, किती वाळली गं. ती म्हणाली, बस, उमर हो गई. मी मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. तिला ते कळतही नव्हतं. घरात सुना, नातवंडं, सगळी हिंदी. तिची जीभच तिकडे वळली होती. नातवंडं माझं बोलणं ऐकून एकमेकांकडे बघून हसू दाबत होती. नणंदेने माझ्यासाठी खूप केलं. भरल्या वांग्याची भाजी, जवसाची चटणी, सगळं आमच्या सासूबाईंच्या हातच्यासारखं. मी जेवले, पण ज्यासाठी आले होते ते मिळालं नाही. दुपारी मी तिला घाटातली गोष्ट सांगितली, पिळाची. ती म्हणाली, भैया, म्हणजे हे, पण हेच सगळं बोलायचे, आम्हाला कधी समजलं नाही. हेही ती हिंदीतच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना ती जीपजवळ आली. म्हणाली, जरा बसून बघते. ड्रायव्हरच्या जागी चढायला तिला सुनेने हात दिला. ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली. मग पाठ मागे टेकली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. सूनबाई माझ्याकडे बघायला लागली.

"दादाचा वास येऊन राहिला ह्याच्यात," ती म्हणाली.

मी जवळ गेले. डिझेलचा आणि पाठीच्या गादीला लागलेल्या खोबरेल तेलाचा वास होता. मला तो रोजचा झाल्यामुळे येईनासा झाला होता. तिने डोळे पुसले, खाली उतरली आणि सुनेला म्हणाली, चलो, भाभी के लिए टिफिन लाओ. पुढे सगळं पुन्हा हिंदीत.

रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा मी सांगितलं. तो आधी घाबरला, मग चिडला. हायवेवर, एकटी, त्या खटाऱ्यातून. मी त्याला बोलू दिलं. मग घाटातलं सांगितलं, छोटी दांडी, पहिला गिअर, पाय काढून घेतला ते.

तो म्हणाला, "आई, माझी नवी गाडी इलेक्ट्रिक आहे ना, तिला थांबलेली असतानाच फुल टॉर्क मिळतो. झीरोवरच."

मी विचारलं, म्हणजे पहिली टेकडी चढतच नाही?

तो म्हणाला, नाही, माथ्यावरूनच सुरू होते. बराच वेळ सपाट, आणि मग उतार. हॉर्सपॉवर मात्र शून्यापासूनच चढते, सरळ रेषेत. मग म्हणाला, "पापांना सांगायचं राहून गेलं. गाडी घेतली तेव्हा पहिलं तेच मनात आलं, आणि मग आठवलं."

"मला सांग," मी म्हटलं.

त्याने सांगितलं. मराठीत सुरू केलं, हिंदीत गेला, इंग्रजीत शिरला, मध्येच एखाद्या शब्दाला अडला की मी मराठी शब्द द्यायचे आणि तो तो उचलून पुढे जायचा. काही कळलं, काही नाही. त्याच्या तिकडे बाहेर बर्फ पडत होता आणि त्याला गाडीकडे जायचं होतं, म्हणून त्याने फोन ठेवला. मी तो हातातच धरून बसून राहिले. इकडे साडेनऊचं ऊन अंगणात आलं होतं.

आता तो कधीमधी आठवड्याच्या मध्येही फोन करतो. नेहमी नाही, त्याला वेळ नसतो. जीप मी विकलेली नाही. कमानिया गेटकडे गर्दीत तिला नेता येत नाही, पण बुधवारी ग्वारीघाटच्या रस्त्याला भाजी घ्यायला नेते. भाजीची पिशवी बाजूच्या सीटवर ठेवते. वळणावर ती घसरते, म्हणून डाव्या हाताने धरून ठेवावी लागते.